असे वाचावे

पौलस मास्तरांना कुणी 'आईशप्पथ' म्हणून काही सांगायला लागलं, की ते पुढचं ऐकायचेच नाहीत. चष्मा काढायचे, कपाळ चोळायचे आणि म्हणायचे, "आईला कशाला मधे घेतोस? तिनं काय केलंय? झालं का नाही झालं, एवढं सांग." पोरगा गांगरायचा. शपथ काढून घेतली की सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं उरायचंच नाही. चौथीत असताना मी स्वतः एकदा 'देवाशप्पथ, वही घरी राहिली' असं म्हणाले होते. मास्तरांनी विचारलं, "वही घरी राहिली. होय का नाही?" मी म्हणाले, "नाही." वही लिहिलेलीच नव्हती. त्यांनी मारलं नाही. "आता बरं वाटलं का?" एवढंच विचारलं. बरं वाटलं नव्हतं, आणि तेही मी खरं खरं सांगून टाकलं.

मास्तर जाऊन आता सहा महिने होतील. पंचाऐंशीच्या घरात होते, त्यामुळे अकाली वगैरे म्हणण्याचा प्रश्न नाही. चर्चमध्ये त्यांच्यासाठी सभा झाली. 'शांतीचा दूत', 'मंडळीचा आधारस्तंभ', 'सत्याचा पुजारी' असले शब्द एकामागून एक येऊ लागले, तसं मला तिथं बसवेना. याच तोंडांनी त्या सभेच्या चार महिने आधी 'म्हातारा भ्रमिष्ट झालाय, मनावर घेऊ नका' असं म्हटलं होतं. मी मधेच उठले, स्टँडवर आले आणि नाशिकची गाडी पकडली. आमच्या लोकांना माणूस मेल्यावरच आवडतो, कारण मग तो दुरुस्त्या सुचवत नाही.

आमचं गाव चांदवडच्या बाजूला, आग्रा रोडपासून थोडं आत. गावाला दोन गोष्टींचा अभिमान, कांद्याच्या बाजाराचा आणि कुणाच्या भानगडीत न पडण्याचा. मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, सुरुवात अमेरिकेतून आलेल्या एका जोडप्यानं केली. साहेब विहिरी खणायचा, मडम दवाखाना चालवायची. आम्ही मेनोनाइट. हा शब्द गावाच्या तोंडात कधी बसला नाही. गाव आम्हाला 'मेणबत्तीवाले' म्हणतं. गंमत म्हणजे आमच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावतच नाहीत. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं आणि गावच्या सुतारानं केलेला एक साधा क्रूस, एवढंच. आमच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, माणसाला समजायला लागलं की त्यानं स्वतः मागायचा. शस्त्र धरायचं नाही. शपथ घ्यायची नाही, कारण रोजचं बोलणंच खरं असेल तर शपथेची गरज काय? आणि वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या दिवशी, एकमेकांचे पाय धुवायचे. एकानं वाकायचं, दुसऱ्याचे पाय परातीत घेऊन धुवायचे, पुसायचे, मग दुसऱ्यानं वाकायचं. बाकीचे ख्रिस्ती हे ऐकून अचंबा करतात आणि आमची मान लगेच ताठ होते. नम्रतेचा एवढा गर्व मी दुसऱ्या कुठं पाहिलेला नाही.

शपथेच्या बाबतीत मास्तरांनी एकदा कोर्टाला सुद्धा सोडलं नाही. बाजार समितीसमोर एका ट्रकनं कांद्याची बैलगाडी उडवली होती, आणि मास्तर साक्षीदार. शिपायानं नेहमीच्या सुरात सांगितलं, "म्हणा, ईश्वराची शपथ घेऊन..." मास्तर म्हणाले, "नाही." शिपायाला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. त्यानं मोठ्यानं सांगितलं. मास्तरांनी तेवढ्याच मोठ्यानं 'नाही' म्हटलं. न्यायाधीश तरुण होते, त्यांना मौज वाटली. म्हणाले, "मास्तर, शपथ घेतली नाही तर तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" मास्तरांनी विचारलं, "साहेब, सकाळपासून इथं ज्यांनी शपथ घेतली, ते सगळे खरं बोलले का?" कोर्ट हसलं. शपथेऐवजी नुसतं 'खरं सांगेन' म्हणायची सोय कायद्यात आहे, ती न्यायाधीशांनीच शोधून दिली. मग वकिलानं विचारलं, ट्रक वेगात होता ना? मास्तर म्हणाले, "वेग मला कळत नाही. कांदे तिथून शंभर पावलांवर, चर्चच्या फाटकापर्यंत आले होते, ते मी मोजल्यासारखे पाहिले." त्या एका वाक्यावर गाडीवाल्याची केस उभी राहिली.

माणूस सोपा नव्हता. त्यांच्याबरोबर लग्नाला जाणं म्हणजे शिक्षा होती. मांडवाच्या कमानीवर 'सुस्वागतम' असं पाय मोडल्याशिवाय लिहिलेलं दिसलं, की नवरा-नवरी राहायची बाजूला आणि हे पेंटरचा पत्ता विचारत फिरायचे. आमच्या चर्चच्या पाटीवर रंगाऱ्यानं 'पार्थना मंदीर' लिहून ठेवलं होतं. मास्तरांनी कमिटीला तीन वेळा सांगितलं. कमिटी 'बघू' म्हणाली. शेवटी सत्तरीतला हा गृहस्थ शाळेतलं स्टूल घेऊन भर दुपारी पाटीशी उभा राहिला आणि त्यानं स्वतःच्या हातानं 'प्रा' केला आणि 'दी'चा 'दि' केला. येणारे-जाणारे हसत होते. "देवाला शुद्धलेखन येतं," ते वरूनच म्हणाले.

आणखी एक सांगायला हवं. मास्तर फार किळसवाणे होते, म्हणजे त्यांना किळस फार यायची. चहावर साय आली की कप परत. कुणी दातात काडी घातली की हे तोंड फिरवायचे. सगळ्यात मोठी किळस पायांची. भेगा, नखं, चिखल, मोज्यांचा वास. पाय धुण्याच्या दिवशी त्यांची जोडी सख्ख्या चुलतभावाशी लागली, तरी मास्तर डोळे मिटून त्याचे पाय धुवायचे. लोकांना वाटायचं, प्रार्थना चाललीय. मला त्यांनीच म्हातारपणी सांगितलं, "प्रार्थना कसली, सुनंदा. मला ओकारी यायची."

मंडळीचा अमृत महोत्सव ठरला तेव्हा इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं. सॅमभाऊ अध्यक्ष. मोटारींच्या सुट्या भागांची त्यांची एजन्सी आहे, बोलणं गोड आणि मिठी मारायची सवय. ते मास्तरांकडे गेले, कारण मंडळीच्या सगळ्या जुन्या वह्या मास्तरांच्या घरी ट्रंकेत होत्या. मास्तरांचे वडील, यशवंतराव थोरात, मंडळीचे पहिले चिटणीस. चाळीस वर्षं त्यांनी वह्या लिहिल्या. अक्षर असं, की छापल्यासारखं. मुद्रितं तपासायला मास्तरांनी माझं नाव सुचवलं. मी नाशिकला मराठी शिकवून निवृत्त झाले होते आणि रिकामीच होते.

मग एक दिवस मास्तर नाशिक रोडला माझ्या घरी आले. एकटे, एस.टी.नं, हातात कापडी पिशवी. पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून दोन वह्या काढून टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. एक हजेरीची वही. दुसरी जोडीची.

जोडीची वही म्हणजे काय, ते सांगते. सुरुवातीला साहेबानं सांगितलं होतं, बाकावर जो शेजारी बसला असेल त्याचे पाय धुवा. पण त्या दिवशी बाकांवर भलतीच हलवाहलव व्हायला लागली. कुणी खोकला आला म्हणून उठायचं, कुणी खिडकीपाशी जागा शोधायचं. गोंधळ नको म्हणून यशवंतरावांनी यादी काढली, आधीच जोड्या ठरवून मोठ्यानं वाचायच्या, पुरुषांच्या वेगळ्या आणि बायकांच्या वेगळ्या. गडबड थांबली. मडमनं चिटणिसांच्या शिस्तीचं कौतुक केलं. वर्षानुवर्षं हे कौतुक आमच्यात सांगितलं जातं. मीही ते माझ्या मुलांना सांगितलं आहे.

"वाच," मास्तर म्हणाले.

मी वाचलं. नावं फिरत होती. पाटलांच्या घरातून आलेल्या माणसाची जोडी सुताराशी, सुताराची माळ्याशी, माळ्याची कोतवालाशी. बघून बरं वाटत होतं. मग मास्तरांनी बोट ठेवलं. बाबू आढाव. बाबू ग्रामपंचायतीत सफाईला होता. त्याचा बाप गावचे संडास डोक्यावरून वाहायचा. मंडळीत आढावांचं एकच घर. जोडीच्या वहीत बाबूच्या नावापुढं लिहिलं होतं, 'गैरहजर'. पुढच्या वेळी, 'गैरहजर'. त्याच्या पुढच्या वेळी, 'गैरहजर'. मास्तरांनी हजेरीची वही पुढं सरकवली. त्याच दिवशीची, त्याच अक्षरातली. बाबू आढाव, हजर.

काही वर्षांनी बाबूचा मुलगा दगडू मोठा झाला आणि त्याचा बाप्तिस्मा झाला. तेव्हापासून जोडी लागली. 'बाबू आढाव, दगडू आढाव.' बापानं लेकाचे पाय धुवायचे, लेकानं बापाचे. बायकांच्या यादीत सासू आणि सून. शेवटच्या पानापर्यंत तसंच.

"एकाच दिवशी माणूस एका वहीत हजर आहे आणि एका वहीत नाही," मास्तर म्हणाले. "मग तो होता कुठं, सांग बरं."

मला माहीत होतं. मी लहानपणी पाहिलं होतं. बाबूकाका मागच्या पायरीवर बसायचे. पाय धुऊन झाले की परातींतलं घाण पाणी त्यांच्याकडं यायचं, आणि ते लिंबाच्या मुळाशी नेऊन ओतायचे. स्वच्छ पाणी भरायला त्यांना कुणी सांगत नसे. घाण फेकायलाच सांगत. मला तेव्हा वाटायचं, हे त्यांचं मंडळीतलं काम आहे, जसं कुणाचं घंटा वाजवणं. माझ्या आईचं नाव त्या वहीत कितीतरी बायकांशी जोडलेलं होतं. ती घरी येऊन हरखून सांगायची, आज अमकीचे पाय धुतले, ख्रिस्तात सगळे सारखे. मला ते आठवलं आणि तिथं बसल्या बसल्या शिसारी आली. आईची आली, हे लिहायला जड जातं, पण आली.

मास्तरांनी दोन्ही वह्या मिटल्या. मग म्हणाले, "मला वाटायचं, पायांची किळस माझी आहे. जन्माची. ही तर यादी करून वाटलेली होती."

त्यांनी पुस्तकात ते सगळं लिहिलं. पान एकेचाळीस. कसलाही आक्रोश नाही, गणिताच्या मास्तरानं लिहावं तसं. आढावांची नावं, कोण कधीपासून मंडळीत, कोणत्या वहीत काय. फक्त एके ठिकाणी मी वाचताना थांबले. 'जोड्यांची यादी करण्याची पद्धत तत्कालीन चिटणिसांनी सुरू केली.' सगळ्या पुस्तकात त्यांनी विहीर खणणाऱ्या गड्याचंही नाव शोधून दिलं होतं, आणि इथं 'तत्कालीन चिटणीस'. मी काही बोलले नाही. म्हटलं, म्हाताऱ्याच्या बापाचं नाव आपण कशाला उकरायचं. असा समंजसपणा मला फार लवकर सुचतो.

कमिटीची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत झाली. वेफर्स, सामोसे, कागदी कपांत चहा. सॅमभाऊंनी आधी मास्तरांना मिठी मारली.

"मास्तर, काम एक नंबर झालंय. नो डाउट. फक्त ते एक पान जरा निगेटिव्ह जातंय."

"चुकीचं आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"चुकीचं कोण म्हणतंय? पण बाहेरून पाहुणे येणार. आपली तरुण पोरं वाचणार. आता आपल्यात असलं काही राहिलंय का? सगळे एक आहोत आपण."

"मग छापायला हरकत काय?"

सॅमभाऊंनी सामोसा चटणीत बुडवला. "झाकली मूठ असते ना मास्तर, ती झाकलेलीच बरी. आणि आपलं तत्त्वच आहे, भांडण नको, वाद नको. शांती."

बाकीच्यांनी माना हलवल्या. चर्चचे पाद्री, पाळकसाहेब, त्यांनी सुद्धा हलवली. नाकानं कांदे सोलणारी ही माणसं, ज्यांच्या घरी आजही आढावांच्या सुनेला चहा वेगळ्या कपातून मिळतो, ती शांतीच्या नावानं सामोसे खात होती. मला त्या तेलकट बोटांकडं बघवेना. मास्तर उठले. म्हणाले, "ते पान छापणार नसाल तर माझं नाव काढा." सॅमभाऊ म्हणाले, "असं कसं, मास्तर? नाव तुमचंच." आणि पुन्हा मिठी मारली.

यानंतरचं मला सांगायचं नव्हतं, पण मास्तरांवर लिहायला बसायचं आणि स्वतःपुरतं झाकायचं, हे बरं नाही. छापखान्यातून शेवटची मुद्रितं माझ्याकडं आली. पान एकेचाळीसवर नवा मजकूर होता. 'आरंभापासून सर्वांनी एकमेकांचे पाय धुतले, हे आमच्या मंडळीचे वैशिष्ठ्य होय.' मी लाल पेन घेतलं. 'वैशिष्ठ्य' चुकीचं होतं, तिथं 'ट्य' केलं. वाक्य तसंच ठेवलं आणि खाली सही केली. सॅमभाऊंचा फोन आला होता, 'ताई, तुम्ही समजूतदार आहात.' होय, मी समजूतदार आहे. त्या सहीची मला जेवढी किळस आहे, तेवढी सॅमभाऊंच्या चटणीची सुद्धा नाही.

प्रकाशनाला मांडव घातला होता. पाहुण्यांच्या पायांवर पाळकसाहेबांनी तांब्यानं पाणी सोडलं, फोटोवाला म्हणाला, "सर, परत एकदा," म्हणून परत एकदा सोडलं. आता विधी असाच होतो. मग लेखकाचा सत्कार. मास्तरांना शाल घातली, माईक हातात दिला. मास्तरांना पुस्तक त्या क्षणापर्यंत कुणी दाखवलेलं नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या एकेचाळीसावं पान काढलं. वाचलं. मांडवात पंख्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही." शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, विनयानं म्हणतायत, देवानं लिहून घेतलं वगैरे.

त्यानंतर मास्तरांनी ना अर्ज केला, ना पेपरात पत्र पाठवलं. कुणी सुचवलं की मंडळीवर दावा लावा, तर म्हणाले, "आमच्यात भावावर दावा लावत नाहीत." आठ दिवसांनी त्यांचा मला फोन आला. "सुनंदा, पुस्तकात चूक राहिली तर काय करतात?"

"शुद्धिपत्र जोडतात, मास्तर."

"मग जोडू या."

मजकूर त्यांनी फोनवरच सांगितला, स्वल्पविरामासकट. मी नाशिक रोडला एका दुकानात टाइप करून अडीचशे चिठ्ठ्या काढल्या. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "हे काय आहे, ताई?" मी म्हटलं, "चूक दुरुस्त करायचीय." चिठ्ठी अशी होती:

'पान ४१, ओळ ९. "आरंभापासून सर्वांनी एकमेकांचे पाय धुतले" याऐवजी "आरंभापासून आढाव कुटुंब सोडून सर्वांनी एकमेकांचे पाय धुतले. ही व्यवस्था तत्कालीन चिटणिसांनी केली" असे वाचावे.'

मी चिठ्ठ्या घेऊन गावी गेले. मास्तरांचा बेत साधा होता. घरोघर जायचं, पुस्तक मागायचं आणि एकेचाळीसाव्या पानावर चिठ्ठी डकवायची. कुणी नको म्हणालं तर चिठ्ठी हातात देऊन यायची. पहिली प्रत आढावांची, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. त्यांना खात्री होती की निदान त्या घरात तरी या चिठ्ठीचं स्वागत होईल. मलाही होती. खरं सांगायचं तर मला थोडा आनंदही झाला होता, आपली सही आता पुसली जाणार म्हणून.

दगडू वारला त्याला बरीच वर्षं झाली. त्याची बायको रूथबाई आता सत्तरीची आहे, कानानं आणि डोक्यानं एकदम तल्लख. घर नीटनेटकं, फरशीचं, दारात दुचाकी. तिचा मुलगा नाशिकला ऑफिसात आहे. तिनं आम्हाला ओसरीवर खुर्च्या दिल्या आणि स्वतः पायरीवर बसली. मास्तर म्हणाले, "रूथबाई, वर बसा." ती म्हणाली, "मला हितं वारं लागतं."

मास्तरांनी सगळं सांगितलं. दोन वह्या, गैरहजर, कमिटी, पान एकेचाळीस. शेवटी त्यांनी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं चष्मा लावला आणि ओठ हलवत पूर्ण वाचली. मग पुन्हा वाचली.

"ह्ये खरं हाय," ती म्हणाली. "मी नाय म्हणत नाय. मपला सासरा लिंबाखाली पाणी वतायचा आन् घरी येऊन जेवायचा नाय त्या दिशी."

मास्तरांनी मान हलवली.

"पर मास्तर, आता ह्ये तुम्ही घरोघर चिकटवनार."

"होय."

"माज्या नातीची सोयरीक चाललीय नाशकात. पोराकडची मानसं आपल्याच मंडळीतल्या कुणाला तरी इचारतीलच, घर कसं हाय म्हणून. त्यो ह्ये पुस्तक काढंल. वाचनारा काय वाचंल, सांगा. आढावाचे पाय कुनी धुतले नाय. म्हंजे आढावातच कायतरी आसंल."

मी मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर शोधताना पाहिलं. वर्गात, कोर्टात, मांडवात, कुठंच त्यांना शोधावं लागलं नव्हतं.

"मग नको म्हणता?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. "खोटं तसंच राहू द्यायचं?"

"खोटं ऱ्हाऊ द्या आसं कुटं म्हनले मी?" रूथबाईनं चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. "आमचं नाव हाय हितं. कुनी धुतले नाय त्यांचं नाव कुटंय? लाज त्यांची आन् नाव आमचं, ह्ये कसं?"

"अख्खी मंडळीच होती ती, बाई," मी म्हणाले. "कुणाकुणाचं नाव घालणार?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ह्ये चिटनीस लिवलंय. यादी ह्यांनीच क्येली ना?"

"होय," मास्तर म्हणाले.

"त्यान्ला नाव नव्हतं का?"

आतून कुकरची शिट्टी झाली. रूथबाई उठली नाही. यशवंतराव कोण होते, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांच्याच तोंडून स्वतःचं नाव सासूशी जोडलेलं ऐकलं होतं, वर्षातून दोनदा. ती हे रागानं विचारत नव्हती. बाजारात वजन बरोबर आहे का विचारावं, तसं विचारत होती.

मला वाटलं, मास्तर आता म्हणतील की ते हयात नाहीत, किंवा म्हणतील की तो काळच तसा होता. कुणी म्हणालं असतं तर मी समजून घेतलं असतं, कारण मी समजूतदार आहे. मास्तरांनी चष्मा काढला, कपाळ चोळलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "होतं," ते म्हणाले. "नाव होतं. मीच लिहिलं नाही."

"मंग लिवा."

मी घाईनं म्हणाले, "मास्तर, मी नाशिकला जाऊन नव्या चिठ्ठ्या काढून आणते, दोन दिवसांत." त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि खिशातलं लाल पेन काढलं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला. पहिल्या चिठ्ठीवर 'आढाव कुटुंब सोडून' ही अक्षरं त्यांनी पट्टी लावल्यासारखी सरळ खोडली. वर लिहिलं, 'काही जणांना वगळून'. मग 'तत्कालीन चिटणिसांनी' खोडलं. त्यावर सावकाश लिहिलं, 'यशवंतराव यांनी'. शाई थोडी फुटली.

मास्तरांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. पुढं ती चिठ्ठी कुणी डकवू दिली, कुणी दार लावून घेतलं, ते मला फोनवर कळत गेलं. सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी हातानं दुरुस्त केल्या, एवढं नक्की. पण मला त्यातली पहिलीच आठवते.

रूथबाईनं ती त्यांच्या हातातून घेतली, लांब धरून वाचली आणि परत दिली.

"आडनाव बी लिवा," ती म्हणाली.

मास्तरांनी पेन पुन्हा टेकवलं आणि 'थोरात' लिहिलं.